सेकंड हँड लक्झरी एसयूव्ही कुटुंबासाठी कशी निवडायची आणि कशी सांभाळायची? मोबाईलवरून करता येणाऱ्या तपासण्यांसह संपूर्ण माहिती



घरात माणसं वाढली की आधी घर लहान वाटायला लागतं आणि मग गाडी. अशा वेळी कोणीतरी मोबाईल पुढे करून म्हणतं, "हे बघ, ७० लाखांची गाडी २२ लाखांत मिळतेय!" जाहिरात बहुतेक वेळा खोटी नसते. गाडी खरंच ७० लाखांची असते आणि खरंच २२ लाखांत मिळते. पण त्या जाहिरातीत एक गोष्ट लिहिलेली नसते. गाडीची किंमत घसरते, तिच्या पार्टची किंमत घसरत नाही. २२ लाखांना घेतलेल्या गाडीचा हेडलाइट तुटला, तर नवा हेडलाइट ७० लाखांच्या गाडीच्याच भावाने येतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच.

मी सिन्नरला राहतो. आमच्या घरात आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची दोन लेकरं आणि मी अशी सात माणसं आहेत. दादासाठी गाडी शोधताना मोबाईल आणि स्कॅनर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्या शोधात जे शिकलो ते या लेखात क्रमाने मांडलं आहे. घरात गाडीचा विषय निघाला असेल, तर शोधाशोध करायचं काम बहुधा तुमच्याकडेच येणार आहे. म्हणून हा लेख तुमच्यासाठी.

ही गाडी इतकी स्वस्त का मिळते?

यामागे फसवणूक असतेच असं नाही. कारणं साधी आहेत.

• कर: २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस असा एकूण ५० टक्के कर होता. आता तो ४० टक्के आहे. त्यावर आरटीओचा कर वेगळा. हा सगळा पैसा पहिल्या मालकाने भरलेला असतो आणि विकताना तो त्याला परत मिळत नाही.

• वॉरंटी संपणं: कंपनीची वॉरंटी संपत आली की बरेच मालक गाडी काढतात. पुढचा खर्च त्यांना नको असतो. तो खर्च आता तुमच्याकडे येणार, हे लक्षात ठेवा.

• दिल्लीच्या गाड्या: दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. त्यामुळे तिकडच्या डिझेल एसयूव्ही बाकी राज्यांत कमी भावाने येऊ लागल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांवरच्या कारवाईबाबत सवलत दिली, तरी तिकडून गाड्या येणं थांबलेलं नाही.

गंमत म्हणजे या गाड्या आपल्यापासून फार लांब तयार होत नाहीत. ज्या नाशिक-पुणे महामार्गावर सिन्नर आहे, त्याच महामार्गावरच्या चाकणला मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे. ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जोडल्या जातात. पण कारखाना जवळ आहे म्हणून सर्व्हिस जवळ आहे असं होत नाही. गाडीचा ब्रँड ठरवण्याआधी त्या कंपनीच्या वेबसाइटवर "सर्व्हिस सेंटर शोधा" हा पर्याय उघडा आणि नाशिकमध्ये अधिकृत वर्कशॉप आहे की थेट पुण्याला जावं लागेल ते बघा. गाडी टो करून पुण्याला न्यायची वेळ आली, तर टोचं बिलच आधी घाम फोडतं.

पायरी १: आधी माणसं मोजा, मग मॉडेल बघा

एसयूव्ही बाहेरून मोठी दिसते म्हणून आत सात जण बसतील असं नाही. बीएमडब्ल्यू एक्स१ आणि एक्स३, ऑडी क्यू३ आणि क्यू५, मर्सिडीज जीएलसी या पाच सीटच्या गाड्या आहेत. ऑडी क्यू७, मर्सिडीज जीएलएस, व्होल्वो एक्ससी९० यांना तिसरी रांग असते. शोरूमच्या झगमगाटात आपण हे विसरतो, म्हणून मोबाईलच्या नोट्समध्ये ही यादी आधीच करून ठेवा.

• बाळाची सीट: आयसोफिक्स म्हणजे बाळाची सीट गाडीच्या सांगाड्याला घट्ट अडकवायचे लोखंडी हुक. ते बहुधा मधल्या रांगेच्या दोन्ही कडेच्या जागांना असतात. सीटच्या फटीत हात घालून ते खरंच आहेत का बघा. दोन बाळसीट लावल्यावर मध्ये मोठा माणूस बसू शकतो का, हे टेपने मोजा.

• कायदा: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बी नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बाळसीटशिवाय बसवलं तर १००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, मांडीवर घेतलेलं बाळ धक्क्याच्या वेळी हातात राहत नाही. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: पुढच्या सीटची एअरबॅग चालू असताना तिथे उलट्या तोंडाची बाळसीट कधीही लावू नका.

• आजी-आजोबा: गाडी उंच असते. आईला गुडघेदुखी असेल तर तिलाच चढून-उतरून बघायला सांगा. आमच्याकडे एक चांगली गाडी फक्त याच कारणाने यादीतून गेली. काही गाड्यांमध्ये एअर सस्पेन्शनमुळे बटण दाबून गाडी खाली घेता येते, पण त्या सोयीचा खर्च पुढे वाचा.

• तिसरी रांग: ती बहुधा लहान मुलांपुरतीच असते. तिथे एसीची हवा येते का, डोक्याला टेकायला हेडरेस्ट आहे का आणि बाजूची पडदा-एअरबॅग तिथपर्यंत पोचते का, ते विचारा.

• सामान: तिसरी रांग उघडल्यावर डिकीत काय उरतं ते बघा. सात जण वणीच्या गडावर निघाले आणि बॅगा ठेवायला जागाच नाही, असं नको.

पायरी २: डिझेल की पेट्रोल?

"रनिंग जास्त असेल तर डिझेल" हे जुनं उत्तर आता पुरेसं नाही. रनिंग कशा प्रकारचं आहे, ते महत्त्वाचं आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची गाळणी असते. ती धुरातली काजळी अडवते. काजळी साठली की गाडी ती स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापून काही वेळ एकसारख्या वेगाने चालावं लागतं. रोज घर, शाळा आणि बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर ही संधीच मिळत नाही. गाळणी तुंबते आणि मग मोठं बिल येतं.

सिन्नरकरांना इथे एक फायदा आहे. नाशिकला रोज ये-जा असेल, किंवा आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास गाडी पळत असेल, तर डिझेल चालेल. गाडी फक्त गावात फिरणार असेल तर पेट्रोल घ्या.

अनेक बीएस-६ डिझेल एसयूव्हींना ॲडब्लू नावाचं वेगळं द्रव्यही लागतं. ते युरियाचं शुद्ध द्रावण असतं. ते संपलं तर बऱ्याच गाड्या पुन्हा स्टार्टच होत नाहीत. ते डिझेलच्या टाकीत ओतायचं नसतं, त्याची टाकी वेगळी असते.

पेट्रोल घेणार असाल तर इंधनाच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आता सगळीकडे मिळतं, पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या अनेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. शंका असेल तर चासी नंबर देऊन कंपनीकडूनच विचारून घ्या.

पायरी ३: घरबसल्या मोबाईलवर करायची तपासणी

सेकंड हँड मोबाईल घेताना आपण आयएमईआय तपासतो. गाडीच्या बाबतीतही तसंच आहे. विक्रेत्याकडून फक्त गाडीचा नंबर घ्या आणि कामाला लागा.

१. एमपरिवहन ॲप: नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, बीएस-४ की बीएस-६, विमा आणि पीयूसीची मुदत, गाडीवर कर्ज आहे का, गाडी ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हे दिसतं. जाहिरातीत "२०२० मॉडेल" लिहिलेलं असेल आणि आरसीवर निर्मिती २०१९ ची असेल, तर भाव करायचा मुद्दा तुमच्या हातात आला.

२. ई-चलान: वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावर गाडीवरचे थकलेले दंड दिसतात. ते विक्रेत्यानेच भरायचे. शिवाय चलानांवरून गाडी कशी चालवली गेली ते कळतं. अतिवेगाची दहा चलानं असलेली गाडी "फक्त साहेब रविवारी वापरायचे" अशी नसते.

३. सर्व्हिस हिस्ट्री: अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे चासी नंबरवर सगळ्या नोंदी असतात. मालकाच्या संमतीने त्या मागवा. प्रत्येक नोंदीत तारीख आणि किलोमीटर असतात. २०२२ मध्ये ८१,००० आणि आज मीटरवर ६२,००० दिसत असतील, तर पुढे बोलायची गरज नाही. याच वेळी कंपनीने या गाडीसाठी काही रिकॉल काढलं होतं का आणि ते काम झालं आहे का, हेही विचारा. रिकॉलचं काम कंपनी फुकट करते.

४. विम्याचे क्लेम: चालू पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य दिसत असेल तर मागच्या वर्षी काहीतरी मोठं झालेलं असू शकतं. काय झालं ते विचारा.

या चार पायऱ्यांना पैसे जवळपास लागत नाहीत, पण निम्म्या गाड्या इथेच गळतात. निदान आमच्या यादीचं तरी तसंच झालं.

पायरी ४: गाडी समोर आल्यावर

*ओबीडी स्कॅनर वापरा*

स्टिअरिंगच्या खाली ओबीडी नावाचं एक सॉकेट असतं. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. "कार स्कॅनर" किंवा "टॉर्क" असं ॲप मोबाईलवर टाकलं की इंजिनमधल्या बिघाडांचे कोड वाचता येतात.

पण खरी गंमत पुढे आहे. काही जण गाडी दाखवण्याआधी हे कोड पुसून टाकतात. मग स्क्रीनवर "कोणताही बिघाड नाही" असं येतं आणि आपण खूश होतो. म्हणून दोन गोष्टी बघा. पहिली, "कोड पुसल्यापासूनचं अंतर". दुसरी, "रेडीनेस मॉनिटर", म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या आहेत का. कोड नुकतेच पुसले असतील तर यातल्या बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसतात. आम्ही पाहिलेल्या एका गाडीत हे अंतर फक्त १४ किलोमीटर होतं. विक्रेता म्हणत होता की गाडीला वर्षभरात हातच लावला नाही. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचं सांगतो. एअरबॅग, गिअरबॉक्स, सस्पेन्शन हे सगळं वाचायला सर्व्हिस सेंटरचा मोठा स्कॅनर लागतो. म्हणून गाडी पसंत पडली की पैसे देण्याआधी एकदा तिथली तपासणी करून घ्याच. विक्रेता यालाही तयार नसेल तर तेच तुमचं उत्तर.

*डोळ्यांनी बघायच्या गोष्टी*

• पुराची गाडी: चेन्नईचा डिसेंबर २०१५ चा पूर, सांगली-कोल्हापूरचा ऑगस्ट २०१९ चा पूर, अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या पॉलिश होऊन बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, पायपुसण्याखाली गाळ, दिव्यांच्या आत ओल आणि उग्र परफ्यूमचा वास या सगळ्या खुणा आहेत.

• एअर सस्पेन्शन: गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी चालू करण्याआधी पोचा. चारही चाकं आणि मडगार्डमधल्या अंतराचे फोटो काढा. एक कोपरा बसलेला असेल तर तिथला हवेचा फुगा गळतोय. तो बदलणं या गाड्यांच्या मोठ्या खर्चांपैकी एक आहे.

• टायर: टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच, असं धरून भाव करा.

• किल्ल्या: दोन्ही किल्ल्या मागा. एकच असेल तर दुसरी कुणाकडे आहे हा प्रश्न उरतो आणि नवी स्मार्ट किल्ली महाग पडते.

पायरी ५: टेस्ट ड्राइव्ह नीट घ्या

शोरूमभोवती एक चक्कर म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नाही. सिन्नरच्या आसपास असाल तर उत्तम रस्ता हाताशी आहे. इंजिन थंड असताना स्टार्ट करा, आधी गावातल्या गर्दीत आणि खड्ड्यांतून न्या, मग माळेगाव एमआयडीसीवरून मोहदरी घाट उतरा आणि तोच घाट चढून परत या.

• थंड इंजिन सुरू होताना खडखड आवाज किंवा निळा धूर येतो का?
• गर्दीत पहिला-दुसरा गिअर पडताना झटका बसतो का?
• घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का?
• घाट चढताना इंजिनचं तापमान वर जातं का?
• सिग्नलला ऑटो स्टार्ट-स्टॉप चालतं का? वारंवार चालत नसेल तर बॅटरी कमजोर असू शकते.
• खड्ड्यातून जाताना खालून टकटक येते का?

या वेळी एकाने मागे बसून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करावा. नंतर मेकॅनिकला ऐकवायला कामाला येतो.

पायरी ६: कागदपत्रं

इथे घाई करू नका. गाडी तुमच्या दारात आणि नाव दुसऱ्याचं, ही सगळ्यात धोक्याची अवस्था असते.

• फॉर्म २९ आणि ३०: मालकी बदलासाठी हे दोन लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. सिन्नरचं काम नाशिक आरटीओकडे, म्हणजे एमएच-१५ कडे येतं.

• कर्ज: गाडीवर बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

• दुसऱ्या राज्यातली गाडी: फॉर्म २८ ची एनओसी लागते. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे वापरायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावाच लागतो आणि इथला कर भरावा लागतो. महागड्या गाडीचा हा कर मोठा असतो. तो धरल्यावर दिल्लीची "स्वस्त" गाडी किती स्वस्त उरते, ते आधी आरटीओत विचारून घ्या.

• नंबरप्लेट: १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी बसवलेली आहे का बघा.

• विमा: १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो. झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट मिळत असेल तर घ्या. साधारण पाच वर्षांनंतर झिरो डेप देणाऱ्या कंपन्या कमी होतात, म्हणून गाडीचं वय ठरवताना हाही मुद्दा धरा.

• जीएसटी: नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण तो त्याच्या नफ्यावर. "पूर्ण किमतीवर १८ टक्के वेगळे द्या" असं कोणी म्हणालं तर बिल समजावून मागा.

पायरी ७: जुन्या मालकाचं अकाउंट काढा

ही पायरी बहुतेक जण विसरतात. आजच्या लक्झरी गाड्या सिमकार्डवर चालणाऱ्या मोबाईलसारख्या आहेत. माय बीएमडब्ल्यू, मर्सिडीज मी, मायऑडी अशा ॲपमधून गाडी कुठे उभी आहे ते दिसतं आणि काही गाड्या लॉक-अनलॉकही होतात. जुन्या मालकाने ॲपमधून गाडी काढली नाही, तर तुमची लेकरं कोणत्या शाळेत जातात हेही त्याला घरबसल्या दिसू शकतं.

म्हणून पैसे देताना समोर बसवून हे करून घ्या:

१. त्याच्या ॲपमधून गाडी डिलीट.
२. गाडीच्या स्क्रीनवरून फॅक्टरी रिसेट. जुने फोन, पत्ते, कॉन्टॅक्ट सगळं जातं.
३. मोबाईलमधली डिजिटल किल्ली असेल तर ती रद्द.
४. त्याचा फास्टॅग बंद. मग तुम्ही तुमच्या नावाने नवा काढा.
५. सर्व्हिस सेंटरमधून हरवलेल्या किल्ल्या निकामी करून घ्या.

पायरी ८: गाडी सांभाळायची कशी?

हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड. पण रोजच्या सवयी चांगल्या असतील तर अर्धा खर्च टळतो.

• ऑइल: स्क्रीनवर सर्व्हिसला अजून बरेच किलोमीटर दाखवत असले तरी मी वर्षातून एकदा किंवा १०,००० किलोमीटरला ऑइल बदलायचं, असं धरतो. आपल्याकडे धूळ आणि ऊन दोन्ही जास्त आहे. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. डीपीएफ असलेल्या गाडीला चुकीचं ऑइल गाळणी खराब करतं.

• गिअरबॉक्स ऑइल: "हे आयुष्यभर चालतं" असं ऐकाल. पण अनेक लक्झरी गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ते बदलायला सांगते. सेकंड हँड गाडी बहुधा याच टप्प्यावर आपल्याकडे येते.

• एअर फिल्टर: सिन्नरच्या पूर्व भागात उन्हाळ्यात धूळ किती उडते ते वेगळं सांगायला नको. इंजिनचा आणि एसीचा फिल्टर दर सहा महिन्यांनी काढून बघा.

• कूलंट: बोअरचं पाणी कधीही ओतू नका. आतल्या नळ्यांना क्षार बसतात. त्याच पाण्याने गाडी धुतली तर लगेच कोरडी पुसा, नाहीतर काचेवर पांढरे डाग पक्के होतात.

• उंदीर: शेताजवळ किंवा गोठ्याजवळ गाडी उभी असेल तर हा सगळ्यात मोठा शत्रू. एक वायर कुरतडली तर कधीकधी पूर्ण वायरिंगचा संच बदलावा लागतो. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा, गाडीत खाऊचे कण ठेवू नका आणि विम्यात उंदरांचं नुकसान धरलंय का ते विचारून घ्या.

• सनरूफ: कडेला पाणी जायची बारीक छिद्रं असतात. पावसाळ्याआधी ती साफ करा, नाहीतर पाणी आत छतात उतरतं.

• बॅटरी: या गाड्यांची बॅटरी बदलल्यावर अनेकदा ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते. नुसती बसवून देणाऱ्याकडे जाऊ नका.

• टायर: ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले लागतात. एकच नवा टाकला तर चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरवर ताण येतो. रनफ्लॅट टायर पंक्चर झाल्यावरही साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जातात, पण अशा अनेक गाड्यांत स्टेपनीच नसते.

समृद्धीवर जाण्याआधी

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे आणि सिन्नर तालुक्यात गोंद्याला त्याचा इंटरचेंज आहे. सपाट भागात कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. या गाड्यांत १२० चा वेग आत जाणवतच नाही आणि तोच धोका आहे. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा. दरवाजाच्या चौकटीवर दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. सात जण आणि सामान असेल तर दुसरा आकडा. मागच्या सीटवर आई-बाबांनीही बेल्ट लावायचा. गाडी कितीही महाग असली तरी बेल्ट नसेल तर एअरबॅगचा उपयोग अर्धाच.

खर्चाचा खरा हिशोब

माझा साधा नियम असा: गाडीच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवा आणि त्यानंतर दरवर्षी ८ ते १० टक्के. म्हणजे बजेट २५ लाख असेल तर गाडी २१-२२ लाखांचीच बघायची. उरलेले पैसे टायर, ब्रेक, बॅटरी, विमा आणि न सांगता येणाऱ्या खर्चासाठी. कर्ज काढणार असाल तर हप्ता आणि ही रक्कम दोन्ही मिळून महिन्याला झेपतील का ते बघा. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर बहुधा नव्यापेक्षा जास्त असतो.

हा हिशोब बसत नसेल तर त्याच पैशात नवी, वॉरंटी असलेली सात सीटची साधी एसयूव्ही किंवा एमपीव्ही घ्या. त्यात कमीपणा काही नाही. मुलांची फी भरायच्या महिन्यात सस्पेन्शनचं बिल आलं, तर घरात कुरकुर गाडीवर होत नाही, माणसांवर होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

किती वर्षं जुनी गाडी घ्यावी?
माझ्या मते ३ ते ५ वर्षं. किंमत बरीच उतरलेली असते, बीएस-६ मिळते आणि काही वेळा कंपनीची वाढीव वॉरंटीही घेता येते.

कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी का?
नेहमीच नाही. सहा वर्षांत १८,००० चाललेली गाडी उभी राहून बॅटरी, टायर आणि रबराचे भाग खराब झालेली असू शकते. वेळेवर सर्व्हिस झालेली ७०,००० ची गाडी कधीकधी बरी.

बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिस केली तर चालेल का?
वॉरंटी संपली असेल तर चालेल, पण तिथे त्या ब्रँडचा स्कॅनर असावा. टायर, अलाइनमेंट आणि धुणं सिन्नरलाच करा. इंजिन, गिअरबॉक्स आणि एअरबॅगचं काम जाणकाराकडेच द्या.

डीपीएफ काढून टाकला तर कटकट संपते म्हणतात, खरं का?
नको. ते प्रदूषण नियमांच्या विरुद्ध आहे आणि पुढे पीयूसी, विमा, विक्री सगळीकडे अडतं. कोणी आधीच काढलेला असेल तर ती गाडी घेऊ नका.

मला गाडीतलं काही कळत नाही, मी काय करू शकतो?
नंबर तपासणं, चलान बघणं, सर्व्हिस हिस्ट्री मागणं, स्कॅनर लावणं आणि अकाउंट काढणं या पाचही गोष्टी मोबाईलवर होतात. घरातली मोठी माणसं भाव करतील, ही पाच कामं तुम्ही करा.

शेवटी

या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि घरी जो गाडी बघायला जाणार आहे त्याला पाठवा. विक्रेता "आज टोकन दिलं नाही तर उद्या गाडी जाईल" म्हणाला तर जाऊ द्या. अशा गाड्या रोज बाजारात येतात. आणि सौदा ठरला तरी सगळे पैसे द्यायच्या आधी एकदा घरच्या सगळ्यांना त्या गाडीत बसवून बघा, बाळाच्या सीटसकट. ज्यांच्यासाठी गाडी घेतोय, त्यांनी ती पसंत करायला हवी.